दबलेल्या रानात युरियाच्या दोन बॅगा

मामांचा फोन आला तेव्हा दारात टेम्पोतून युरिया उतरत होता. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज: 'सोयाबीन पिवळं पडलंय? ट्रॅक्टरनं रान दबलंय, मुळी चालत नाही. एकरी दोन बॅगा युरिया फेका, आठ दिवसांत काळंभोर. गाठींच्या भरवशावर राहू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून आपोआप मोकळी होते.' मला तो तीन ग्रुपांवर आला होता, सोडून दिला. पण आता घरापर्यंत पोचला.

मुळी चालत नाही हे मेसेजवाल्यानं स्वतःच लिहिलंय. मग युरिया उचलणार कोण? रविवारी मामांच्या रानात ट्रॅक्टरच्या चाकोरीतलं एक झाड उपटलं. सोटमूळ चार बोटं खाली जाऊन काटकोनात आडवं वळलेलं. मुळावरच्या गाठी सात-आठ, नखानं फोडल्या तर आतून पांढुरक्या. दोन तासं सोडून दुसरं उपटलं, तर मूळ सरळ आणि गाठी आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे. हवेतलं नत्र बांधायला गाठीतल्या जिवाणूंना भरपूर ऊर्जा लागते, म्हणजे मुळाशी प्राणवायू लागतो. दबलेल्या मातीतल्या पोकळ्याच मोडलेल्या, त्यात पाणी साचलेलं. गाठी तिथं गुदमरतात. वरून टाकलेल्या नत्रातलंही काही अशा ओल्या, बिनहवेच्या मातीत वायू होऊन उडून जातं. म्हणजे खताचा काही वाटा मातीत न राहता आभाळात.

आता हिशेब. 45 किलोच्या बॅगेत 46 टक्के नत्र, दोन बॅगांत 41 किलो. परभणी कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी 30 किलो, म्हणजे एकरी 12, आणि तेही पेरणीसोबत. हा गडी साडेतीनपट सांगतोय!

'गाठींच्या भरवशावर राहू नका' हे तर उलटंच. 1966 ते 2006 मधल्या प्रयोगांचे 637 माहितीसंच एकत्र करून 2008 साली एक मोठा आढावा निघाला. त्यात सोयाबीनची सरासरी 50 ते 60 टक्के नत्राची गरज गाठींनीच भागवलेली दिसते, आणि वरच्या थरात नत्र जसं वाढवावं तसं गाठींचं काम घसरतं. आयतं मिळाल्यावर झाड गाठी कशाला पोसेल? त्याच आढाव्यात एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूची आहे, तीही सांगतो: हेक्टरी साडेचार टनांच्या वर उत्पादन असेल तर वरून दिलेल्या नत्राचा फायदा होण्याची शक्यता जास्त. साडेचार टन म्हणजे एकरी 18 क्विंटल. आपल्याकडे एकरी दहा झालं तर पेढे वाटतात.

पिवळेपणाचं थोडक्यात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात बहुतेक लोहाची कमतरता. पिवळे-हिरवे ठिपके असतील तर मोझॅक हा विषाणूचा रोग, तो पांढरी माशी पसरवते. दोन्हींवर युरिया उपाय नाही.

भेगांचं मात्र निम्मं खरं. काळी माती उन्हाळ्यात फाटते, थोडी मोकळीही होते. पण वाफसा (मशागतीजोगी ओल) नसताना रोटाव्हेटर घातला, ओल्या रानात हार्वेस्टर फिरवला, तर खालचा तवा, म्हणजे दबून घट्ट झालेला थर, एका उन्हाळ्यात फुटत नाही. तिथं पाणी काढून द्यायचं, वाफसा आला की डवरा मारायचा, आणि पुढच्या साली बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरायचं.

मामांनी अर्धी बॅग फेकलीच होती. उरलेल्या दीड बॅगा ओसरीत आहेत, रब्बी ज्वारीला लागतील.