एएमडीची 'चोरी' आणि फॉरवर्डमधून गाळलेला अर्धा भाग

कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेल आणि एएमडी या अमेरिकी कंपन्यांबद्दल सध्या एक मजकूर फिरतोय: "एएमडीने इंटेलची चिप चोरून धंदा उभा केला. तेव्हाचा 'सेकंड सोर्स' म्हणजे सरळसरळ डुप्लिकेट माल. आणि कॉपी ती कॉपीच, तिला मूळ मालाची सर नाही. इंटेल बिचारी कोर्टात भांडत बसली." चारही वाक्यं ठासून लिहिली आहेत, तर एकेक घेऊ.

चोरीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधीच मान्य करतो. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनी सोडताना तिघा इंजिनिअरांनी इंटेलच्या ८०८० चिपच्या नमुन्याचे फोटो काढले, त्यांवरून सर्किट उलगडलं, आणि १९७५ मध्ये त्यावरूनच बनलेली एएमडीची ९०८० ही चिप बाजारात आली. परवाना नव्हता. पण चिपच्या आराखड्याला संरक्षण देणारा अमेरिकी कायदाच मुळात १९८४ चा. शिवाय १९७६ मध्ये दोन्ही कंपन्यांनी क्रॉस-लायसन्स करार, म्हणजे एकमेकांचं तंत्र वापरायच्या परवान्याचा करार केला; एएमडीने इंटेलला द्यायचे सहीच्या वेळी २५ हजार डॉलर, मग दरवर्षी ७५ हजार. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय.

'सेकंड सोर्स म्हणजे डुप्लिकेट' हे मात्र साफ चूक. सेकंड सोर्स म्हणजे मूळ कंपनीच्या परवान्याने तीच चिप बनवणारा दुसरा उत्पादक. त्या काळी एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, धड चिप किती निघतील याचा भरवसा नसे. कारखान्यात प्रोसेस बिघडली की पुरवठा ठप्प. ज्याने आपलं यंत्र एकाच चिपभोवती बांधलं, तो बसला हातावर हात धरून. म्हणून मोठी गिऱ्हाइकं आधी विचारत, "हीच चिप दुसरं कोण बनवतं?" उत्तर नसेल तर ऑर्डर नाही. दुसरा उत्पादक नेमणं ही मूळ कंपनीचीच गरज होती. एमओएस या कंपनीची ६५०२ ही चिप सिनरटेक आणि रॉकवेल या कंपन्याही बनवत. आयबीएमने पीसीसाठी इंटेलची ८०८८ निवडली तेव्हाही दुसरा पुरवठादार हवाच होता. १९८२ मध्ये एएमडीला इंटेलच्या चिपचा दुसरा उत्पादक करणारा करार झाला, त्यामागे हेच.

झायलॉग या चिप कंपनीचा किस्सा तर मासलेवाईक आहे. आपली झेड८० चिप बनवायचा परवाना त्यांनी मॉसटेक या कंपनीला दिला, आणि त्याच चिपमध्ये नकलाकारांसाठी सापळेही पेरले: वरून एका जातीचे दिसणारे, प्रत्यक्षात वेगळंच वागणारे ट्रान्झिस्टर. फोटोवरून सर्किट उतरवणारा हमखास फसावा म्हणून. परवानाधारक कोण आणि नकलाकार कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दर्जाचं म्हणाल तर इंटेलच्या आराखड्याची २८६ ही चिप पाहा. इंटेलची १२.५ मेगाहर्ट्झच्या वेगावर थांबली. एएमडीने १६ च्या विकल्या, हॅरिस या आणखी एका उत्पादकाने थेट २५ च्या. जुन्या बोर्डावरची एएमडीची २८६ हातात घेऊन जरा तिरकी धरा. वर एएमडीचा लोगो, आणि खाली बारीक अक्षरांत कॉपीराइट: इंटेल, १९८२. चोरीच्या मालावर मालकाचं नाव कोण छापतं?

राहिली बिचारी इंटेल. १९८५ मध्ये २८६ नंतरची चिप, ३८६, आली, तेव्हा तिचं तंत्र एएमडीला द्यायला इंटेलनेच नकार दिला. १९८७ मध्ये लवादाकडे गेली ती एएमडी. १९९२ मध्ये लवादाने एएमडीच्या बाजूने कौल दिला आणि १९९४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तोवर एएमडीची ४० मेगाहर्ट्झची ३८६ बाजारात येऊन तीन वर्षं उलटली होती. इंटेलची ३३ च्या पुढे गेलीच नाही.