आमदार व्हायचंय? आधी दहाव्याला जायला शिका

एमपीएससीचे अटेम्प्ट संपत आलेत, वय निघून चाललंय, घरचे स्थळं बघायचं पण थांबलेत? टेन्शन नाय घ्यायचं. विधानसभेला फक्त २५ पूर्ण लागतात, वरची मर्यादाच नाही, शिक्षणाची अट नाही, मुलाखत नाही, पेपरफुटी नाही. जागा २८८. त्यातल्या बऱ्याच घरातल्या घरात भरल्या जातात ते सोडा, आपण आशावादी राहायचं.

पहिलं काम फ्लेक्स. वाढदिवस कुणाचा का असेना, फोटो तुमचा मोठा पाहिजे आणि खाली "भावी आमदार". कोण म्हणतं भावी? फ्लेक्सच म्हणतोय ना, मग झालं. त्यानंतर दहावे, तेरावे, साखरपुडे, जागरण गोंधळ, सगळीकडे हजेरी. मयताला नुसतं जाऊन भागत नाही, विरोधकाच्या आधी पोचायचं आणि फोटोत डोळे पुसताना दिसायचं. लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबू नका, माईकवर नाव घेतलं की निघा, अजून सात लग्नं बाकी असतात.

मग निवडणूक. डिपॉझिट १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना निम्मं, एक षष्ठांश मतं नाही पडली तर जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि गंमत म्हणजे प्रत्येक उमेदवाराचा खर्च तिच्या आतच बसतो, एवढी काटकसर आपल्या आईला पण महिन्याच्या किराण्यात जमत नाही.

निवडून आलात की अभ्यास वगैरे करत बसू नका. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा असलं सगळं पीएला माहीत असतं. तुम्ही विधानभवनाच्या पायऱ्यांवर गळ्यात कांद्याची नाहीतर गाजराची माळ घालून उभं राहायचं, कॅमेरे तिथंच असतात, आत बजेटवर बोलणाऱ्याला बघतो कोण. सभागृहात मोबाईल मात्र जपून वापरा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कृषिमंत्री कोकाटेंचा मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ आला, ते म्हणाले खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो, मग त्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं. आता यावर आम्ही वेगळा विनोद काय करणार.

निधी वर्षाला ५ कोटी. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप, ओपन जिम. पाण्याची पाईपलाईन करू नका हो, ती जमिनीखाली जाते, तिच्यावर नाव कुठं लिहिणार?

आता मेन चॅप्टर, पक्ष बदलणे. इथं बरेच होतकरू घाई करतात. १९८५ च्या कायद्याने एकट्याने उडी मारली तर आमदारकी जाते. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ मध्ये ती सवलत पण काढली, आता दोन तृतीयांश लागतात आणि ते पण विलीनीकरणाला. म्हणजे किरकोळीत गुन्हा, होलसेलमध्ये तत्त्व. पण २०२२ मध्ये शिवसेनेतून फुटलेल्या शिंदे गटाने त्याच्याही पुढचं दाखवलं, सुरत, गुवाहाटी, गोवा असं फिरून आले आणि विलीन कुणातच झाले नाहीत, म्हणाले पक्षच आम्ही आहोत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३ च्या मे महिन्यात कोर्टाने अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांकडे सोपवलं, अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला, दोन्ही गटांतला एकही अपात्र नाही! एवढ्यात टर्म संपत आली होती, नोव्हेंबरात पुढची निवडणूक. तेव्हा वकील चांगला बघा पण कॅलेंडर त्याहून चांगलं बघा.

आणि हॉटेलात असताना फोनवर जपून बोला, किंवा मग मनमोकळं बोला. शिंदे गटातले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर बोललेलं "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं, रिंगटोन झाल्या, गाणी झाली. पण २०२४ ला सांगोल्यात बापू पडले.

त्याच सांगोल्याचे गणपतराव देशमुख मात्र अजिबात फॉलो करू नका. ११ वेळा आमदार, आयुष्यभर एकच पक्ष आणि तोही शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), प्रवास एसटीने. असल्या माणसाने करिअरची काय वाट लावली बघा, ना सुरत बघितलं ना गुवाहाटी, प्रत्येक वेळी तेच ते दुष्काळ आणि पाणी. हां, २०२४ ला बापूंना पाडलं ते त्यांच्याच नातवाने, पण तो अपवाद समजा.

तुम्ही पडलात तरी काळजी नको. माजी आमदाराला महिन्याला ५० हजार पेन्शन मिळते, जुनी पेन्शन मागत आझाद मैदानात बसलेल्या मास्तरांना भेटायला गेलात तर हा आकडा तेवढा काढू नका. पाठिंब्याचं पत्र द्या, फोटो काढा आणि पीएला सांगून फ्लेक्सवाल्याला नवीन मजकूर पाठवा, "माजी" बारीक अक्षरात, "भावी" ठळक.