विचारणाऱ्याचा पगार

2024 च्या एप्रिलमध्ये, ऐन लोकसभेच्या रणधुमाळीत, शिकागोत राहणाऱ्या काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला आणि तिकडे भारतात एकच गहजब उडाला. माणूस गेला की निम्म्याहून जास्त मालमत्ता सरकारजमा होते, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. काँग्रेस लोकांची मंगळसूत्रंही काढून घेईल, या प्रचाराने मंगळसूत्राचा विषय आधीच तापलेला, त्यात हे तेल पडलं. पक्षाने हात झटकले. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला थेट विचारणा झाली, "काय रे, तुमच्याकडे खरंच अर्धं घर सरकार नेतं?"

नाही नेत. केंद्रीय इस्टेट टॅक्सचा सर्वांत वरचा दर 40 टक्के आहे, पण तो लागतो एका मोठ्या मर्यादेच्या वरच्या रकमेवर. 2024 मध्ये ती मर्यादा माणशी 1 कोटी 36 लाख 10 हजार डॉलर होती, 2026 पासून ती दीड कोटी डॉलर झाली. हजार माणसं गेली तर एखाद-दुसऱ्याच्याच इस्टेटीला हा कर लागतो. काही राज्यांचा वेगळा कर असतो, पण मी राहतो त्या ओहायोने आपला 2013 पासून बंदच केला. आणि भारताला हा कर नवाही नाही. 1953 पासून आपल्याकडे मृत्युकर होता, एके काळी त्याचा वरचा टप्पा 85 टक्क्यांपर्यंत गेला होता. 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना तो रद्द झाला, कारण हाती येणाऱ्या रकमेच्या मानाने कटकटच फार होती.

तर ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं आणि वाद शमला. मला मात्र वेगळंच खटकत राहिलं. तिकडच्या अख्ख्या वादात दोनच पक्ष होते, सरकार आणि मुलं. मागे राहिलेल्या मालमत्तेचा थोडासा भाग एखाद्या शाळेला, दवाखान्याला, वाचनालयाला जाऊ शकतो, हे ना करवाल्यांच्या तोंडी आलं, ना करविरोधकांच्या. अमेरिकेत हा तिसरा पक्ष चांगला जिवंत आहे, आणि तो कायद्यापेक्षाही एका नोकरदार वर्गामुळे जिवंत आहे, असं माझं मत आहे.

त्यांना इथे गिफ्ट प्लॅनर म्हणतात. विद्यापीठं, रुग्णालयं, चर्च, वाद्यवृंद, अगदी भटक्या कुत्र्यांचा सांभाळ करणाऱ्या संस्थाही अशी माणसं पगारावर ठेवतात. काम काय, तर सत्तरी-पंचाहत्तरीतल्या देणगीदारांकडे जायचं, बसायचं, ऐकायचं आणि योग्य वेळी विचारायचं, "तुमच्या इच्छापत्रात आमच्या संस्थेला जागा आहे का?" ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे कुणी असं विचारलं तर चहाचा कप अर्धवट ठेवून उठायची पाळी येईल.

इथल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर मी स्वयंसेवक म्हणून काही काळ होतो, तेव्हा हे काम जवळून पाहायला मिळालं. एका विधवा बाईंना आपलं राहतं घर वाचनालयाला द्यायचं होतं. आमची गिफ्ट प्लॅनर कागद घेऊन धावली नाही. तिने आधी विचारलं, पुढे आजारपणात हे घर विकायची वेळ आली तर? मग म्हणाली, मुलीला बोलावून घ्या आणि तुमचा स्वतःचा वकील आणा, आमचा नको. शेवटी ठरलं ते असं: घर मुलीला आणि निवृत्तीखात्यातली काही रक्कम वाचनालयाला. त्यामागचं गणित साधं आहे. आयआरए म्हणजे करबचतीचं निवृत्तीखातं. ते मुलांना मिळालं तर बहुतेकांना 2019 च्या कायद्यानुसार दहा वर्षांत रिकामं करावं लागतं आणि काढलेल्या रकमेवर आयकर भरावा लागतो. संस्थेला मिळालं तर कर शून्य. घराचं तसं नाही, ते मुलीला जवळपास करमुक्तच जातं. म्हणजे कराचं ओझं असलेली वस्तू संस्थेला, बिनओझ्याची लेकीला. त्यासाठी इच्छापत्र बदलावंही लागलं नाही, खात्याचा लाभार्थीचा फॉर्म भरला की झालं.

(आपल्याकडे इथेच लोक फसतात. नॉमिनी लावला म्हणजे मालक ठरला असं घरोघरी समजतात. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी नुसता विश्वस्त असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. संस्थेला द्यायचं तर इच्छापत्रच लिहायला हवं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत.)

या मंडळींची स्वतःची आचारसंहिता आहे, 1991 मध्ये स्वीकारलेली. तिच्यातलं मला सर्वांत आवडणारं कलम म्हणजे कमिशन नाही. देणगी आणली म्हणून टक्केवारी घ्यायची नाही, गिऱ्हाईक दाखवलं म्हणून बक्षिसी घ्यायची नाही. पगार घ्या, काम करा. शिवाय देणगीदाराला स्वतंत्र सल्लागाराकडे जायला सांगायचं, घरच्यांशी बोलायला सांगायचं. आता आपल्याकडे वयस्कर माणसाच्या दारात पैशाचा विषय घेऊन कोण कोण येतं ते आठवून पाहा. विमा एजंट, बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर, पुनर्विकासवाला बिल्डर. सगळ्यांचं पोट टक्केवारीवर. उरले वकील आणि सीए. ते इच्छापत्र करून देतात, पण "मुलांना किती?" एवढंच विचारतात. संस्थेचा प्रश्न त्यांच्या यादीत नसतो.

तो यादीत घातला तर काय होतं, याचा ब्रिटनमध्ये 2013 मध्ये अहवाल आला होता. फोनवरून इच्छापत्रं करून देणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांवर प्रयोग झाला. काहीच विचारलं नाही तेव्हा शंभरातले साधारण पाच जण आपण होऊन एखाद्या संस्थेचं नाव घालत. "एखाद्या संस्थेला काही ठेवायचंय का?" एवढं विचारलं तर दहाच्या आसपास. "आमचे बरेच ग्राहक ठेवतात, तुमच्या जिव्हाळ्याचं एखादं काम आहे का?" असं विचारलं तर पंधराच्या आसपास. माणसं त्याच समाजातली, कायदा तोच, कर तोच. फरक फक्त एका वाक्याचा.

म्हणून "अमेरिकेत कराच्या भीतीने लोक देतात" हे तिकडचं आवडतं वाक्य मला पटत नाही. मोठ्या श्रीमंतांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, शंकाच नाही. पण ज्यांच्या इस्टेटीला कर लागणारच नाही असे शिक्षक, परिचारिका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले लोक इथे इच्छापत्रात संस्थांची नावं घालतात, ती कुणीतरी येऊन विचारलेलं असतं म्हणून.

हा सगळा कारभार गंगाजळासारखा निर्मळ आहे असं मात्र समजू नका. डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंड नावाचा प्रकार घ्या. पैसे आज फंडात टाकायचे, आयकरातली सूट आजच घ्यायची, आणि संस्थेला ते कधी द्यायचे याला कायद्याने मुदतच नाही. 1991 पासून गुंतवणूक कंपन्याही स्वतःचे असे फंड काढून या क्षेत्रात उतरल्या आणि पैसा वर्षानुवर्षं तिथेच मुरत पडू लागला. गिफ्ट प्लॅनर मंडळी हे खुशाल सुचवतात. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला महिन्यातून एकदा जेवायला नेणारी ही हसतमुख व्यक्ती मित्र की वसुली अधिकारी, हा प्रश्नही इथे अधूनमधून कोर्टात जातो. 1990 च्या दशकात टेक्सासमध्ये गिफ्ट अ‍ॅन्युइटीवरून मोठा खटला झाला. या योजनेत देणगीदार रक्कम संस्थेला देतो आणि संस्था त्याला हयातभर ठरावीक उत्पन्न देते. दर एका सामाईक मंडळाने सुचवलेले असतात, आणि ते असे बेतलेले असतात की देणगीदार गेल्यावर मूळ रकमेच्या निम्म्याच्या आसपास संस्थेकडे उरावं. सगळ्यांनी मिळून दर ठरवणं म्हणजे मक्तेदारी, असा दावा होता. अमेरिकी संसदेने 1995 मध्ये कायदा करून संस्थांना वाचवलं. मला विचाराल तर दावा करणाऱ्यांच्या मुद्द्यात दम होता.

आणि नीट न विचारल्याने काय होतं, तेही इथेच पाहायला मिळतं. कॅलिफोर्नियातल्या बेरिल बक या बाई 1975 मध्ये वारल्या. आपल्या मरीन काउंटीतल्या गरजूंसाठी त्यांनी एका तेल कंपनीचे शेअर ठेवले, किंमत तेव्हा सुमारे 1 कोटी डॉलर. चार वर्षांनी शेल कंपनीने ती तेल कंपनी विकत घेतली आणि त्या शेअरचे सुमारे 26 कोटी झाले. मरीन हा देशातल्या अतिश्रीमंत भागांपैकी एक. एवढा पैसा तिथे खर्च करायचा कशावर? ज्या प्रतिष्ठानाकडे तो होता त्याने शेजारच्या गरीब भागातही खर्च करायची परवानगी मागितली, 1986 मध्ये ते कोर्टात हरलं आणि निधी हातचा गेला. "रक्कम अचानक वीसपट झाली तर?" असं इच्छापत्र लिहिताना कुणी विचारलं असतं तर एका ओळीचं काम होतं.

आता आपल्याकडे. देणारे कमी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. कुठल्याही जुन्या मराठी शाळेत मान वर करून पाहा. पंख्याच्या पात्यावर लाल रंगात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", खालच्या बाकावर तसंच, पाण्याच्या टाकीवर तसंच. मागणारेही होते, आणि जबरदस्त होते. अण्णासाहेब कर्वे सत्तरी ओलांडल्यावर 1929 मध्ये विद्यापीठासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. त्याआधी 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख देऊ केले, आईचं नाव लावायच्या अटीवर, आणि अण्णांनी ते घेतले. उलट भाऊराव पाटलांची गोष्ट रयतमध्ये आजही सांगतात. साताऱ्याच्या कॉलेजचं शिवाजी महाराजांचं नाव बदला, लाख रुपये देतो, असं कुणी म्हणालं, तेव्हा भाऊराव म्हणाले, एकवेळ बापाचं नाव बदलीन, हे नाही. कुठली अट मान्य करायची आणि कुठली धुडकवायची याची दोघांनाही जाण होती. फक्त ते दोघेही संस्थापक होते. संस्थापक गेले आणि मागायचं काम कुणाच्याच खात्यात उरलं नाही. आज ते विश्वस्त करतात, वेळ मिळेल तसं. वर्गणीपुरतं ते चालतं. फ्लॅट आला की नाही चालत.

फ्लॅट येतोच. मूलबाळ नसलेलं जोडपं इच्छापत्रात घर संस्थेला देऊन जातं. संस्थेला कळतं तेव्हा पुतण्याने कुलूप बदललेलं असतं. मग सोसायटीची कागदपत्रं, थकलेला मेंटेनन्स, कोर्टाच्या तारखा. सगळं मिटून फ्लॅट नावावर झाला तरी विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. हयातीतच कुणी जाऊन पुतण्याला समोर बसवून बोललं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं. किंवा संस्थेने नम्रपणे सांगितलं असतं, फ्लॅट नको, ठेवी द्या. आमच्या ओहायोतल्या वाचनालयाने एका जुन्या पेट्रोल पंपाची जागा फुकट मिळत असून नाकारली होती, कारण जमिनीत मुरलेल्या तेलाच्या सफाईचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडला असता. काय घ्यायचं नाही, याचं लेखी धोरण त्यांच्याकडे तयार होतं.

आम्हा परदेशस्थांची गंमत आणखी वेगळी. मी पासपोर्ट बदलला, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड घेतलं आणि त्या दिवसापासून माझ्या गावच्या शाळेच्या लेखी माझे पैसे परकीय झाले. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेली संस्था ते घेऊ शकत नाही. नोंदणी असेल तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. अमेरिकेचा कायदा यात एक फट ठेवतो. भारतातल्या संस्थेला थेट दिलं तर इथे आयकरात सूट नाही, पण इच्छापत्राने दिलं तर इस्टेट टॅक्समध्ये वजावट मिळू शकते. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारे कितीतरी लोक म्हणूनच इच्छापत्रात गावातल्या शाळा-वाचनालयांची नावं लिहून मोकळे झालेत. त्या संस्थेकडे नोंदणी आहे का, असं विचारलं की चेहरे पाहण्यासारखे होतात.

मी पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या विश्वस्तांना सुचवलं, चार-पाच संस्था मिळून एक माणूस नेमा. कायदा जाणणारा, म्हाताऱ्यांशी बोलता येणारा, कमिशनवर नव्हे, पगारावर. त्यांना कल्पना पटली. मग म्हणाले, "पण साहेब, त्याचा पगार कुठल्या देणगीतून दाखवायचा? लोक विचारतात, माझ्या रुपयातले मुलांपर्यंत किती पोचतात?" तिकडच्या देणगीदाराला रुपयातला रुपया मुलांपर्यंत पोचायला हवा असतो, आणि मागायला आलेला माणूस मात्र वाऱ्यावर जगावा अशी अपेक्षा असते. अशा माणसाने मिळवलेलं पहिलं मृत्युपत्र प्रत्यक्ष पैसे होऊन यायला दहा वर्षंही लागतील. तोवर पगार आम्ही परदेशातल्यांनी द्यावा, असं मी म्हणून बसलो. घरी येऊन कायदा उघडला तर परकीय निधीतून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांचीच मुभा. ज्यांनी भारतीय पासपोर्ट अजून सोडलेला नाही त्यांच्या पैशाला ही अडचण नाही. सुरुवात त्यांनी करावी, पुढच्या गणेशोत्सवात मी हे त्यांना तोंडावर विचारणार आहे.