बाबांच्या एमरी पेपरचं गाव

ग्रीसहून आल्यापासून प्रश्न ठरलेला आहे, "सँटोरिनीचे फोटो टाक ना!" टाकणार कुठून? गेलेच नाही. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साडेपाच तासांच्या बोटीने नॅक्सॉस बेटावर उतरले आणि सगळे दिवस तिथल्या डोंगरातच काढले. त्यातल्या तीन रात्री आपिरांथोस गावात.

या गावांना सगळीकडे 'पारंपरिक डोंगरी खेडं' म्हणतात. मला तो शब्दच खटकायला लागलाय. संगमरवरी फरसबंदीच्या गल्ल्या, दगडी कमानी, दारात पसरलेलं मांजर, फोटोला झकास आहे सगळं. सहलीच्या बसमधून लोक उतरतात, तासभर फिरतात, 'किती शांत ना!' म्हणतात आणि जातात. अहो, हे खाणकामगारांचं गाव आहे! एमरी काढायचे इथे. एमरी म्हणजे वर्कशॉपमध्ये धातू घासायच्या, जाड-बारीक नंबरांनी मिळणाऱ्या एमरी पेपरवरची तीच. कुरुंद आणि लोहखनिज एकत्र असलेला काळा, अतिशय कठीण दगड. आधी तो गाढवांवर लादून खाली समुद्राकडे न्यायचे. मग 1920 च्या दशकात मुत्सुना बंदरापर्यंत हवेतला रोपवे आला. त्याचे खांब अजून डोंगरउतारावर उभे आहेत, तारेला गंजक्या बादल्याही लटकलेल्या दिसतात. पुढे कृत्रिम एमरी स्वस्तात मिळू लागली आणि खाणींचं महत्त्व गेलं. गाव आज शांत वाटतं त्यामागे हेही कारण आहे.

मानोलिस ग्लेझोस याच गावचे. 30 मे 1941 च्या रात्री एका मित्राबरोबर अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर चढून नाझींचा झेंडा उतरवणारे. वय तेव्हा 18. खाणीच्या गावातला पोरगा म्हटल्यावर मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

बाकी गावं भरभर सांगते. फिलोती झास डोंगराच्या पायथ्याशी. झास म्हणजे झ्यूस, ग्रीकांचा देवांचा राजा. उंची हजार मीटरच्या जरा वर, आणि नॅक्सॉस ज्यात येतं त्या सायक्लेड्स बेटांत याच्याहून उंच काही नाही. चढताना एका खडकावर प्राचीन अक्षरं दिसतात: कळपांचा राखणदार झ्यूस, त्याचा डोंगर. वाचून आपला म्हसोबा आठवला. हाल्कीत 1896 पासूनची भट्टी आहे, सिट्रॉनच्या पानांपासून 'कित्रो' नावाची दारू गाळतात. सिट्रॉन म्हणजे आपलं म्हाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. फळ मूळचं आपल्याच बाजूचं, हिमालयाच्या पायथ्याकडून तिकडे गेलेलं. हिरवी कित्रो गोड आणि सौम्य, पिवळी कडक. मला पिवळी झेपली नाही.

पण माझं मन आपिरांथोसमध्येच अडकलं. तिथल्या छोट्याशा भूशास्त्र संग्रहालयातून बाहेर पडले, तर समोरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीत एमरीचा एक ढेकूळ ठेवलेला. मालकीणबाईंनी हातात दिला. मुठीएवढा दगड, पण हात खाली गेला, इतका जड. बोटाला बारीक काळी पूड लागली. अगदी तोच रंग, जो लहानपणी बाबांच्या नखांत असायचा. चाळीस वर्षं भोसरीत लेथवर काढली त्यांनी. शर्टाच्या खिशात घडी घातलेला एमरी पेपर कायम असायचा आणि आई धुताना वैतागायची.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. दगड कॅमेऱ्यासमोर धरला आणि सांगितलं, बाबा, तुमचा एमरी पेपर या डोंगरातून यायचा एकेकाळी. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"किती नंबरचा आहे?" म्हणाले.