गाडी पाचची, सर्वे अकराचा

आमच्या आत्तीची वड्याची गाडी संध्याकाळी पाचला लागते आणि सर्वेवाले येतात सकाळी अकराला. भानगड एवढीच, पण एवढ्या भानगडीत आमच्या घरात एक जाड फाईल आणि माझं बीपी, दोन्ही तयार झालं.

फेरीवाल्यांचा सर्वे म्हणजे गाडीचा फोटो, लोकेशन आणि आधार कार्ड, बस्स, असं ऐकलेलं. मी घरातला शिकलेला, म्हणून २०१४ चा पथविक्रेता कायदा नेटवरून काढला, वाचला आणि कामाची पानं छापून आत्तीला दिली. त्यात स्पष्ट लिहिलंय की सर्वे पूर्ण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही जागेवरनं उठवायचं नाही. आत्तीनं ते पान पसरलं आणि त्यावर मिरच्यांची देठं काढायला बसली.

सर्वेवाला पोरगा आला तेव्हा जागेवर काय होतं, तर चाकाला लावायची वीट आणि तेलाचा काळा गोल डाग, जो कोल्हापूरच्या पावसालाही कधी गेला नाही. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि ‘गाडी आढळली नाही’ असं भरून टाकलं. पानपट्टीवाले काका म्हणाले, अहो संध्याकाळी या, हितं उभं रहायला जागा नसती, तर म्हणे संध्याकाळी आमचं ऑफिस सुटतं. आता यात त्याची तरी काय चूक, पण रंकाळ्यापासनं राजारामपुरीपर्यंत ज्या गावाचं निम्मं खाणं दिवेलागणीनंतर सुरू होतं तिथं फेरीवाले सकाळी मोजायचे ही आयडिया कुणाची, त्याला एकदा भेटायचंय मला.

मग ठरलं, गाडी सकाळी लावायची. आत्ती अकराला गाडीमागं उभी, कढईत तेल नाही, पिठाचा पत्ता नाही, हातात नुसता झारा, फोटोला म्हणून. येणारा जाणारा विचारायचा, मावशी वडा हाय का?

“न्हाई, सर्वे हाय.”

त्यात एकजण म्हणाला, असू दे, एक प्लेट द्या.

सर्वेवाला आलाच नाही. आली अतिक्रमणची गाडी. मी कायद्याचा कागद पुढं केला (मिरचीचं देठ चिकटलेलं त्याला), तर त्यांच्यातला एकजण मन लावून वाचून म्हणाला, बरोबर आहे साहेब तुमचं, पण सर्वे वेगळं खातं, आम्ही वेगळं. आणि झारा, कढई, स्टोव्ह सगळं वर चढवलं. कुठलं ऑफिस ते नाव घेत नाही, परत तिथंच जायचंय.

याच्यातही कायदा आहे बरं का. उचललेला माल मागायला गेलं की नाशवंत असेल तर त्याच दिवशी द्यायचा आणि टिकाऊ असेल तर कामाच्या दोन दिवसांत. म्हणजे संध्याकाळी उचलली असती तर बटाट्याची भाजी त्याच रात्री घरी आली असती आणि कढई मागनं. आत्ती म्हणाली, “मग ती भाजी मी कशात तळू, तुझ्या कायद्यात?”

तेवढ्यात मला कायद्याची गोडी लागलेली. त्यात म्हटलंय की लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखाच्या आसपास, म्हणजे झाले साधारण पावणेचौदा हजार. हा आकडा दिल्लीला मोठा वाटला असेल. आमच्याकडं भेळ, भडंग आणि मिसळवाले मोजतानाच दम लागायचा. शिवाय नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनीच निवडून द्यायचे, त्यातल्या एक तृतीयांश बायका. निवडणूक हा शब्द कोल्हापुरात जपून उच्चारावा. मी तो घरात उच्चारला आणि रात्री आत्तीचं पॅनल तयार, चिन्ह झारा.

फूडचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्याचं सांगत बसत नाही. खरी मजा प्रमाणपत्रासाठी द्यायच्या हमीपत्रात. धंदा मी स्वतः किंवा घरच्यांनी करीन, जागा भाड्यानं देणार नाही, इथपर्यंत ठीक. मग होतं, उपजीविकेचं दुसरं साधन नाही. आत्ती दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग करते. ती म्हणाली, “मी खोटं लिहून देत न्हाई.” काउंटरवरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, किती घेता ओ फॉलचे? फॉर्म गेला पुढं, मॅडमची साडी आली आमच्याकडं.

शेवटी प्रमाणपत्र आलं. फोटो आत्तीचा, नाव आत्तीचं, आणि प्रकार ‘फिरता विक्रेता’. स्थिर, फिरता असे प्रकार असतात त्यात, आणि गाडीला चाकं आहेत म्हटल्यावर कुणीतरी बरोब्बर फिरता निवडलेला. मी म्हटलं आत्ती, नियमानं आता एका जागी उभं रहायचं नाही, दुरुस्तीला परत अर्ज करू.

“उकळतं तेल घिऊन फिरू व्हय गावभर?”

मग विचारलं, परत सर्वे कधी? मी म्हटलं पाच वर्षांतनं निदान एकदा तरी घ्यायलाच लागतो. तिनं चाकाखालची वीट पायानं सरकवली, गाडी हातभर पुढं ढकलली, परत मागं ओढली.

“फिरलो बघ. आता कांदा चीर.”