गोदाम भरून पुरवठा सुरळीत होत नसतो

गेले काही महिने एक पोस्ट फिरतेय. सप्लाय चेनशी थोडाफार संबंध असलेल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती मला एकदा तरी आली आहे, एका ग्रुपवर तर तीनदा. वर सुएझ कालव्यात आडव्या अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ जहाजाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: ‘जस्ट-इन-टाइम मेलं. आता जस्ट-इन-केस.’ म्हणजे लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल आणायची पद्धत संपली, आता ‘असू द्यावा’ म्हणून साठवा. त्याखाली पाच सल्ले. एक, टोयोटाने शिकवलेलं शून्य साठ्याचं खूळ सोडा. दोन, गोदामं भरा, साठा जेवढा जास्त तेवढा धोका कमी. तीन, प्रत्येक मालाला दोन पुरवठादार ठेवा. चार, उत्पादन आपल्या देशात आणा. पाच, एआयवालं सॉफ्टवेअर घ्या, मागणीचा अंदाज अचूक येईल आणि कधी गाफील राहणार नाही.

प्लॅनिंग आणि परचेसमध्ये माझी बरीच वर्षं गेली. लाइन बंद पडली की सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो माणूस मी. त्यामुळे अशी पोस्ट वाचून पटकन ‘बरोबर आहे’ का वाटतं, हे मला कळतं. पण यातला पहिला मुद्दा चुकीचा आहे, दुसरा महागात पडणारा आहे आणि उरलेले तीन अर्धेमुर्धे आहेत.

‘टोयोटा म्हणजे शून्य साठा’

टोयोटात जस्ट-इन-टाइमची घडी बसवणाऱ्या ताइइची ओनो या इंजिनिअरचं डोकं साठा कमी करण्यापेक्षा साठा लागतोच कशामुळे, यात जास्त चालायचं. एकच उदाहरण घेतो. टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला १९६९च्या सुमारास चार तास लागत. चार तास मशीन उभी राहणार म्हटल्यावर कोण रोज डाय बदलेल? एकदा चढवली की महिन्याभराचे भाग ठोकून घ्यायचे आणि रचून ठेवायचे, हाच व्यवहार. शिगेओ शिंगो या सल्लागाराने तिथल्या लोकांना घेऊन तो वेळ आधी ९० मिनिटांवर आणला आणि मग काही महिन्यांत ३ मिनिटांवर. मशीन थांबल्यावर करायची कामं आणि ती चालू असतानाच उरकता येणारी कामं त्याने वेगळी काढली, त्यात बराच वेळ वाचला. आता आज लागतील तेवढेच भाग आज काढता येऊ लागले. साठा आपोआप उतरला. कुणी तो कापला नव्हता.

बाहेरच्या अनेक कंपन्यांनी यातली फक्त शेवटची ओळ उचलली. डाय बदलायला चार तासच, पुरवठादार समुद्रापलीकडे, ऑर्डर दर आठवड्याला वरखाली, आणि साठा मात्र निम्मा, कारण ताळेबंद देखणा दिसतो. त्यांची लाइन थांबली ती या नकलेमुळे. पोस्ट लिहिणाऱ्याचा राग या लोकांवर असेल, तर मी त्याच्या बाजूने आहे.

खुद्द टोयोटाने काय केलं ते पाहा. मार्च २०११च्या जपानमधल्या भूकंप आणि त्सुनामीनंतर कंपनीने आपल्या पुरवठादारांची, त्यांच्या पुरवठादारांची आणि त्यांच्याही मागच्यांची झाडाझडती घेतली. ज्यांचा पुरवठा खात्रीचा हवा अशा सुमारे ५०० वस्तूंची यादी केली, त्यात सेमीकंडक्टर चिप होत्या. चिपची ऑर्डर दिल्यापासून ती हातात पडेपर्यंत काही महिने जातात आणि ते टोयोटाला कमी करता येण्यासारखे नव्हते. म्हणून चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी बाळगावा, असं ठरलं. हो, शून्य साठ्याच्या माहेरघरात सहा महिन्यांचा साठा. २०२१च्या सुरुवातीला इतर मोटार कंपन्या चिपसाठी धावत होत्या तेव्हा टोयोटाचं काम बऱ्यापैकी चालू होतं. पुढे आग्नेय आशियात करोनाची लाट आली आणि त्या सप्टेंबरचं जागतिक उत्पादन टोयोटालाही सुमारे ४० टक्के कापावं लागलं. म्हणजे सहा महिन्यांचा साठाही अमृत पिऊन आलेला नव्हता. पण सीट रोजच्या रोज मागवायची आणि चिप सहा महिन्यांची साठवायची, हा एकाच घरातला हिशेब आहे.

आणि चिपची टंचाई तरी कशाने झाली? २०२०च्या पूर्वार्धात विक्री कोसळल्यावर अनेक मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, रद्द केल्या. ती क्षमता लॅपटॉप आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे गेली. गिऱ्हाईक अपेक्षेआधी परतलं तेव्हा या कंपन्या रांगेत शेवटी उभ्या होत्या. रांगेतली जागा आपणच सोडायची आणि दोष जस्ट-इन-टाइमला द्यायचा!

‘साठा जेवढा जास्त तेवढा धोका कमी’

इथे जरा थांबू, कारण पैसे बुडतात ते इथे.

समजा एका भागाची रोजची मागणी सरासरी १०० नग आहे आणि ती रोज साधारण २० नगांनी इकडेतिकडे होते. पुरवठादाराला माल द्यायला २५ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांतला चढउतार २० गुणिले २५चं वर्गमूळ, म्हणजे १०० नग. शंभरपैकी ९५ वेळा माल कमी पडू नये असं हवं असेल तर सेफ्टी स्टॉक, म्हणजे चढउतारासाठी हाताशी ठेवायचा जादा साठा, १६५ नग लागतो. ९९ वेळा हवा असेल तर २३३. ९९.९ टक्क्यांसाठी ३०९. बघा, पहिल्या १६५ नगांनी केवढं काम केलं आणि पुढचे दीडशे नग जवळपास तेवढेच पैसे अडवून किती थोडं देतात.

आता साठ्याला हात न लावता पुरवठादाराशी बोलून २५ दिवसांचे ९ दिवस केले तर? चढउतार ६० नगांवर येतो आणि ९९ टक्क्यांची खात्री १४० नगांत मिळते. आधी ९५ टक्क्यांसाठी लागत होते त्यापेक्षाही कमी. पुरवठादाराच्या तारखा स्वतःच हलत्या असतील तर आकडे याहून मोठे होतात, पण दिशा तीच. ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतच्या या वेळेला ‘लीड टाइम’ म्हणतात. पोस्टमध्ये हा शब्द एकदाही नाही.

हा झाला कागद. प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या जुन्या नोकरीतलं सांगतो. महिनाअखेर, सगळी जुळणी झालेलं मशीन डिस्पॅचसाठी उभं, आणि एक रबरी गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवायची चकती) नाही. मी स्टोअरमध्ये गेलो. रॅक छतापर्यंत भरलेले. दोन रॅकमधल्या वाटेतही खोकी, त्यात बंद झालेल्या मॉडेलची झाकणं. स्टोअरचे काका मला ती ओलांडून आत नेत म्हणाले, “साहेब, जे लागत नाही ते सगळं आहे आपल्याकडे.” ती झाकणं कुणीतरी एकेकाळी ‘असू द्यावीत, लागतील’ म्हणूनच घेतली होती. गॅस्केट घेण्याच्या वेळी जागाही नव्हती आणि पैसाही.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचं असेल तर २०२२ आहे. टंचाईच्या धास्तीने अमेरिकेतल्या साखळी दुकानांनी माल भरला. त्यातल्या टार्गेट या कंपनीचा साठा त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत आदल्या वर्षीपेक्षा ४३ टक्के वाढला. तोवर लोक घराबाहेर पडायला लागले होते, घरात बसून घेतल्या जाणाऱ्या टीव्ही-फर्निचरची हौस फिटली होती. जूनमध्ये कंपनीने भाव पाडून माल काढणं आणि ऑर्डरी रद्द करणं जाहीर केलं. चुकीच्या मालाने भरलेलं गोदाम हा विमा नव्हे.

‘दोन पुरवठादार ठेवा’

ठेवा. पण ते दोघं कुणाकडून घेतात, हे विचारलंत का?

काही मोटारींच्या रंगात एक चमक असते, ती ‘झिरॅलिक’ नावाच्या रंगद्रव्यामुळे. २०११ साली ते जगात एकाच ठिकाणी बनत होतं: जर्मनीच्या मर्क कंपनीच्या जपानमधल्या ओनाहामा इथल्या कारखान्यात, फुकुशिमा अणुप्रकल्पापासून फार लांब नाही. भूकंपानंतर तो बंद पडला आणि फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. तिथे रंगाचे दोन पुरवठादार असते काय आणि पाच असते काय, बाटलीत चिमूटभर पडणारं रंगद्रव्य एकाच घरचं होतं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त आवडतं. १ फेब्रुवारी १९९७ला आइसिन या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनायचा. काही दिवसांत टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने ठप्प. मग आइसिनने ड्रॉइंग वाटली आणि दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या, त्यांत शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा. आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. पुरवठादार एकच होता, हे धोक्याचं होतंच, आणि टोयोटाने ते मान्यही केलं. पण बाहेर काढलं ते वर्षानुवर्षांच्या ओळखीने. दर सहा महिन्यांनी भाव पाडून घेऊन व्हेंडर बदलणाऱ्याच्या मदतीला रात्री कोण येतं, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरा पुरवठादार जिथे साचे महाग नाहीत आणि प्रमाण मोठं आहे तिथे जरूर परवडतो. सगळीकडे ठेवलात तर दोघांच्याही लेखी तुम्ही लहान गिऱ्हाईक.

‘उत्पादन आपल्या देशात आणा’

हा मुद्दा राजकारणात गाजतो, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत विकलं जाणारं बाळांचं फॉर्म्युला दूध जवळजवळ सगळं अमेरिकेतच बनतं. फेब्रुवारी २०२२मध्ये अॅबट या कंपनीचा मिशिगनमधल्या स्टर्जिसचा एक कारखाना दूषिततेच्या संशयावरून बंद झाला आणि देशभर कपाटं रिकामी पडली. शेवटी सरकारने लष्करी विमानातून युरोपातून डबे आणवले. माल देशी होता, पण मोजक्या कारखान्यांत एकवटलेला. अंतर कमी झालं की वेळ वाचतो, तो फायदा खराच. मात्र एकाच टोपलीतली अंडी घराजवळ आणून ठेवली, तरी टोपली एकच राहते.

‘सॉफ्टवेअर अंदाज अचूक करेल’

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६०च्या आसपासपासून एक खेळ खेळवतात, ‘बिअर गेम’. चार जण: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला ४ पेट्या असते, ती एकदाच ८ होते आणि तिथेच राहते. बस, एवढाच बदल. तरीही थोड्या वेळात कारखान्याकडे मागणीचा डोंगर येतो, मग एकदम शून्य. प्रत्येक जण समोरच्याची ऑर्डर बघतो, खरं गिऱ्हाईक कुणालाच दिसत नाही, माल उशिरा पोचतो आणि घाबरून जो तो जास्तीचं मागतो. यालाच चाबकाचा फटका म्हणतात: मूठ जराशी हलते, टोक सपकन जातं.

सिस्को ही नेटवर्कची उपकरणं बनवणारी अमेरिकन कंपनी, असं सॉफ्टवेअर वापरण्यात आदर्श मानली जाणारी. तेजीच्या काळात माल मिळत नाही म्हणून गिऱ्हाइकांनी दोन-तीन ठिकाणी तीच ऑर्डर टाकली आणि त्या सगळ्या खऱ्या मागणीत मोजल्या गेल्या. २००१मध्ये बाजार बसला आणि सिस्कोने सुमारे २२० कोटी डॉलरचा साठा बुडीत काढला. यंत्रणेने आकडे वेळेवर दाखवले होते. आकडेच फुगलेले होते.

आणि माहिती खरी असली तरी पुढे काय? १७ मार्च २००० रोजी वीज पडून अमेरिकेतल्या अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. दहाएक मिनिटांत विझली, पण धुराने स्वच्छ खोल्यांमधला माल नासला. आठवडाभर उशीर होईल, असं फिलिप्सने नोकिया आणि एरिक्सन या दोन मोबाइल कंपन्यांना कळवलं. नोकियाच्या लोकांनी रोज फोन सुरू केले, हे महिन्यांचं प्रकरण आहे हे ओळखलं आणि इतर कारखान्यांची क्षमता अडवून ठेवली. एरिक्सनमध्ये ती बातमी खालच्या टेबलांवर काही आठवडे पडून राहिली. त्यांची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री गेली.

आमच्याकडे सॉफ्टवेअर होतं, चांगलं होतं. त्या गॅस्केटच्या घोळानंतर मी सिस्टिममध्ये त्याचा लीड टाइम पाहिला: ४५ दिवस. त्याच्या खालच्या भागाचा ४५, त्याच्या खालच्याचाही ४५. सिस्टिम बसवताना कुणीतरी सगळ्या रकान्यांत एकच आकडा भरला होता आणि त्याला अनेक वर्षं कुणी शिवलं नव्हतं. परचेसच्या दोघांना बसवून एकेका व्हेंडरला फोन लावायला सांगितलं. गॅस्केटवाला म्हणाला, “अहो, आमच्याकडे रबराचं कंपाउंडच दोन महिन्यांनी येतं. सत्तर दिवस धरा.” असे आकडे भरत गेलो आणि शुक्रवारी संध्याकाळी प्लॅन पुन्हा चालवला. अर्धी स्क्रीन लाल झाली. त्यातल्या बऱ्याच ऑर्डरींची वेळ त्याच दिवशी, काहींची महिन्याभरापूर्वीच, टळून गेली होती.