‘वजनाच्या तिप्पट क्षमतेचा बॉलहेड घ्या’ : या सल्ल्यात काय चुकतं

फोटोग्राफी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. बॉलहेड (ट्रायपॉडच्या माथ्यावरचा, गोल बॉलवर कॅमेरा हवा तसा कलवू देणारा भाग) घेताना कॅमेरा आणि आपली सर्वांत जड लेन्स यांचं वजन करा, त्याला तीनने गुणा आणि तेवढ्या किलोंची क्षमता लिहिलेला सगळ्यात हलका, स्वस्त हेड उचला. त्याला जोडून पुढची कलमंही येतात: बॉल आवळायचा नॉब जितका घट्ट आवळाल तितका कॅमेरा स्थिर राहतो, उभ्या फ्रेमसाठी हेडच्या बाजूची खाच आहेच, कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट कुठलीही चालते, तळाचा पॅन (हेड आडवा गोल फिरवणारा भाग) फिरवला की पॅनोरमा होतो, आणि बॉल अडखळायला लागला तर तेलाचा थेंब सोडा.

हा सल्ला लक्षात ठेवायला सोपा आहे, म्हणून तो टिकला आहे. तो ऐकून घेतलेल्या हेडवर २४ मिमी लेन्सने काम निभून जातं. पण ७०-२०० मिमीची झूम किंवा अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स लावली की फ्रेम दर वेळी थोडी खाली बसते. मग दोष ट्रायपॉडच्या पायांवर, वाऱ्यावर नाहीतर स्वतःच्या हातावर जातो. म्हणून एकेक कलम तपासायला हवं.

‘किलोचा आकडा बघितला की झालं’

हेडची क्षमता कशी मोजायची, याची सगळ्या कंपन्या पाळतात अशी एक पद्धत नाही. वजन बॉलच्या बरोबर वर ठेवून मोजलं, की हेड तिरका करून बॉल घसरेपर्यंत मोजलं, त्यात सुरक्षेसाठी किती वाव ठेवला, हे खोक्यावर छापलेलं नसतं. त्यामुळे एका कंपनीचा ८ किलोंचा हेड दुसरीच्या २० किलोंच्या हेडपेक्षा भक्कम निघू शकतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. तेवढ्यापुरता तो जरूर वापरा.

मूळ चूक याहून खोल आहे. बॉलच्या केंद्राच्या बरोबर वर असलेलं वजन बॉलला फिरवतच नाही. बॉलला फिरवतं ते केंद्राच्या बाजूला गेलेलं वजन. समजा कॅमेरा आणि लेन्स मिळून २ किलो आहेत आणि त्यांचा गुरुत्वमध्य बॉलच्या केंद्रापासून १० सेंमी वर आहे. सगळं सरळ उभं असताना बॉलवर फिरवणारा जोर शून्य. ३० अंश झुकवलं की तो सुमारे १ न्यूटन-मीटर होतो आणि पूर्ण ९० अंशांत आडवं केलं की जवळजवळ २. आता याच संचात लेन्सला कॉलर (लेन्सच्याच खाली प्लेट लावता येईल असं कडं) नाही, प्लेट बॉडीखाली आहे आणि गुरुत्वमध्य ६ सेंमी पुढे गेला आहे असं धरा. मग कॅमेरा अगदी समपातळीत असतानाही १.२ न्यूटन-मीटरचा जोर सतत पुढे ओढत राहतो. वजन तेच २ किलो, पण हेडचं काम प्रत्येक वेळी वेगळं. तिप्पटीच्या हिशेबात यातलं काहीच येत नाही.

बॉल धरून ठेवण्याची ताकद तीन गोष्टींवर ठरते: त्याला आवळणारा दाब, पृष्ठभागांमधलं घर्षण आणि बॉलची त्रिज्या. दाब आणि घर्षण तेच राहिलं तर ३६ मिमीच्या बॉलपेक्षा ५४ मिमीचा बॉल दीडपट पकड देतो. म्हणून किलोंच्या आधी बॉलचा व्यास विचारा. आमचा ढोबळ हिशेब असा: छोटी मिररलेस बॉडी आणि हलकी लेन्स मिळून १ किलोपर्यंत असेल तर ३० मिमीच्या आसपासचा बॉल, फुलफ्रेम आणि ७०-२०० असा २ किलोंच्या घरातला संच असेल तर ४० ते ४४ मिमी, त्याच्या वर ५० ते ५५ मिमी.

१५०-६०० सारखी, एकटीच २ किलोंच्या आसपास भरणारी लेन्स असेल, तर बॉलहेडचा आकडा कितीही मोठा असू द्या, पक्ष्यांच्या मागे फिरवायला तो चुकीचाच. नॉब सैल असताना हात जरा चुकला की लेन्स एका बाजूला आपटते, बोटं चिमटतात आणि हूड ट्रायपॉडच्या पायावर आदळतो. वजन बॉलच्या वर तोललेलं असतं, त्यामुळे एकदा कललं की कलतच जातं. गिंबल हेडमध्ये लेन्स आडव्या अक्षाच्या पातळीत टांगलेली असते. नीट तोलली तर कुठल्याही कोनात सोडून द्या, तिथेच थांबते.

‘घट्ट आवळा, हलणार नाही’

सर्वांत जास्त नुकसान याच कलमाने होतं.

फ्रेम ठरवताना कॅमेऱ्याचं वजन काही अंशी तुमच्या हातावर असतं. नॉब आवळला, हात काढला, की ते सगळं वजन एकदम बॉलची मान (बॉलमधून वर येणारा दांडा), क्लॅम्प (प्लेट पकडणारा भाग), प्लेट आणि प्लेटवरचं रबर यांच्यावर येतं. प्रत्येक भाग किंचित वाकतो किंवा दबतो आणि फ्रेम खाली बसते. शिवाय नॉब आवळताना आतल्या वाट्या बॉलला थोडं बाजूला ढकलतात, म्हणून फ्रेम तिरकीही सरकते. शेवटचा पाव फेरा मनगटाची ताकद लावून दिला तर हे सरकणं वाढतं, आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर हळूहळू दबत जातं ते वेगळंच.

२४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम सेन्सर घ्या, ६००० पिक्सेल रुंद. २०० मिमीला एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.००१७ अंश. हेड ०.१ अंश बसला तर चित्र ५८ पिक्सेल सरकतं. २४ मिमीला तेवढंच बसणं जेमतेम ७ पिक्सेल भरतं. वाइड लेन्सवर ‘मस्त चालतोय’ म्हटलेला हेड टेलीफोटोवर का फसतो, ते इथे कळतं. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. शटर उघडण्याआधी बसणारा हेड फक्त रचना बिघडवतो, तर एक्स्पोजर चालू असताना घसरत राहणारा हेड फोटोच हलवतो. पावसाळ्यात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून धबधब्याचे काही सेकंदांचे फोटो घेणाऱ्याला हा दुसरा दोष जास्त नडतो.

पहिल्यावर उपाय आहे, तो म्हणजे फ्रिक्शन, म्हणजे मुख्य नॉब सैल असतानाही बॉलवर राहणारं ठरावीक घर्षण. बऱ्याच चांगल्या हेडवर यासाठी वेगळा छोटा नॉब किंवा मुख्य नॉबच्या मधोमध एक चकती असते. कॅमेरा आणि लेन्स चढवा. एका हाताने कॅमेरा धरून मुख्य नॉब सैल करा, मग हळूहळू आवळत जा. कॅमेरा ढकलला तर सरकतो आणि सोडला तर जागेवर राहतो किंवा अगदी सावकाश झुकतो, अशी जागा आली की थांबा आणि फ्रिक्शनचा नॉब तिथे बसवा. आता मुख्य नॉब पूर्ण सोडला तरी कॅमेरा कोसळत नाही, आणि शेवटी कुलूप लावायला नॉबला थोडासाच पीळ पुरतो. पीळ कमी, म्हणून सरकणंही कमी. लेन्स बदलली की हे पुन्हा करा. ७०-२०० साठी बसवलेलं फ्रिक्शन ३५ मिमीसाठी फार कडक होतं. मुख्य नॉब डावीकडे येईल असा हेड ठेवा, म्हणजे उजवा हात ग्रिपवर राहतो आणि डावा आवळतो.

आर्का-स्विस कंपनीच्या मोनोबॉल झेड१ हेडमध्ये बॉल पूर्ण गोल नसतो. कॅमेरा झुकत जाईल तसं घर्षण आपोआप वाढतं. हेडला वजन पेलण्यापेक्षा कलणं आवरायचं असतं, हे ओळखून केलेली ही रचना आहे, आणि म्हणूनच आम्हाला ती आवडते.

दुकानात हेड तपासायचा असेल तर आपला कॅमेरा आणि सर्वांत लांब लेन्स सोबत न्या. समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या अक्षराची कड लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठी करा, कॅमेरा ३० अंश खाली झुकवा, फ्रिक्शन बसवा, कुलूप लावा आणि हात सावकाश काढा. कड किती सरकली ते पाहा. हात न लावता ५ मिनिटं थांबा. अजूनही सरकत असेल तर तो हेड घेऊ नका. मग नॉब जरा सैल करून कड बारीक बारीक हलवून बघा. बॉल अडून राहून एकदम उडी मारत असेल, तर मॅक्रोचं काम त्याच्यावर होणार नाही.

‘उभ्या फ्रेमसाठी खाच आहे’

खाचेत टाकलेला कॅमेरा ट्रायपॉडच्या मध्याबाहेर लटकतो. बॉलवरचा जोर तेव्हाच जवळजवळ सर्वांत जास्त असतो. त्यात लेन्सच्या वजनाने बॉडी प्लेटच्या स्क्रूभोवती फिरू पाहते आणि नाक खाली येतं. याला खरा इलाज एल-ब्रॅकेट, म्हणजे बॉडीच्या खाली आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट. उभ्या फ्रेममध्येही वजन बॉलच्या वरच राहतं. तो आपल्या बॉडीच्या मॉडेलसाठीच बनवलेला घ्या, म्हणजे बॅटरीचं दार आणि केबलची भोकं झाकली जात नाहीत. खाच वापरायचीच असेल तर ती ट्रायपॉडच्या एका पायाच्या बरोबर वर आणा. तारे किंवा थेट खालचं फूल टिपताना खाच खूप कामाची असते, कारण बॉलची मान इतर बाजूंना तेवढी कलत नाही.

‘सगळ्या प्लेट आर्काच’

आर्का म्हणजे आर्का-स्विसच्या धाटणीची प्लेट. या प्लेटची रुंदी साधारण ३८ मिमी आणि कडा ४५ अंशांच्या उताराच्या असतात. ‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक कंपनीच्या प्लेटमध्ये थोडा फरक निघतो. स्क्रूने आवळणारा क्लॅम्प तो फरक सामावून घेतो. खटक्याचा क्लॅम्प ठरलेल्या मापापर्यंतच बंद होतो, म्हणून परकी प्लेट त्यात सैल राहते किंवा खटका पूर्ण बसतच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेट वापरत असाल तर स्क्रूचा क्लॅम्प घ्या. प्लेट घसरून पडू नये म्हणून तिच्या खाली लावलेले छोटे स्क्रू काही क्लॅम्पना अडतात आणि प्लेट तिरकी बसते, तेही पाहा. मॅनफ्रोटोची साधी २००पीएल प्लेट तर वेगळ्याच जातीची आहे, आर्का क्लॅम्पमध्ये ती बसत नाही.

‘तळाचा पॅन फिरवला की पॅनोरमा’

पॅन बॉलच्या खाली असतो. बॉलने कॅमेरा समपातळीत आणला तरी पॅनचा तळ तिरकाच राहतो आणि फिरवताना क्षितिज चढत किंवा उतरत जातं. आधी पाय लहानमोठे करून ट्रायपॉडचा माथा पातळी दाखवणाऱ्या बुडबुड्यावर समपातळीत आणा, नाहीतर ज्याचा क्लॅम्पच फिरतो असा हेड घ्या. पॅनचं कुलूप लागलेलं असताना जोराने फिरवू नका. हेड ३/८ इंची स्क्रूवरून उलटा सुटायला लागतो. ट्रायपॉडच्या माथ्याखाली बारीक ॲलन स्क्रू असतील तर हेड बसवल्यावर ते हलक्या हाताने आवळून घ्या.

‘तेलाचा थेंब सोडा’

ज्या घर्षणासाठी पैसे मोजले तेच तेल काढून टाकतं. त्यावर धूळ चिकटते आणि बॉल आणखी अडखळतो. बॉल अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा वाळू, खारट पाण्याचे डाग किंवा हाताचा तेलकटपणा हेच असतं. कोकणच्या किनाऱ्यावर वापरलेला हेड घरी आणल्यावर आधी ब्रशने आणि फुंकणीने कोरडी वाळू काढा, नॉब न फिरवता. ओल्या फडक्याने मीठ पुसा. मग बॉल एकेका टोकाला झुकवून उघडा पडणारा भाग थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कंपनीने स्वतः काही वंगण सांगितलं असेल तर तेवढंच, सांगितलेल्या जागी लावा. एवढं करूनही बॉल उड्या मारत असेल तर आतलं अस्तर झिजलं असण्याची शक्यता जास्त. मग हेड दुरुस्तीला द्यायचा, आणखी आवळायचा नाही.